शांत व्हा, बीपी वाढेल

नाही, मला एक सांगा, 'शांत व्हा' असं म्हटल्यावर आजवर जगात एक तरी माणूस शांत झालाय का? एक दाखवा, मी हात जोडतो त्याला. चांगला बसलेला माणूस असतो हो, मनात काही नसतं, पेपर वाचत असतो, आणि समोरून कोणीतरी येऊन अगदी मऊ आवाजात म्हणतं, "शांत व्हा, बीपी वाढेल"... झालं! मी शांतच होतो! शांत होतो म्हणून तर वाचत होतो! पण हे सांगायला जावं तर आवाज चढतो, आवाज चढला की समोरचा मान डोलावतो, "बघा, मी म्हणत नव्हतो?" बोलायचीच चोरी. बरं, गप्प बसावं, तर "आतल्या आत धुमसताय, तेही वाईटच." आता माणसाने करायचं काय? बाष्प होऊन उडून जायचं?

तुम्हाला सांगतो, सहा-सात वर्षं मी हे वाक्य ऐकलंय. सकाळी दात घासताना ऐकलंय, बुटाची नाडी तुटली तेव्हा ऐकलंय, एकदा तर झोपेत ऐकलंय, म्हणजे मी झोपेत काहीतरी बडबडलो आणि बायकोने झोपेतच उत्तर दिलं, "शांत व्हा, बीपी वाढेल." दोघंही झोपेत! याला म्हणतात संसार.

आता माझा धंदा काय, तर मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शेजारच्या सीटवर बसतो. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. स्टिअरिंग नाही, हॉर्न नाही, एक छोटा आरसा आणि तो ब्रेक, एवढीच माझी सत्ता. समोरून ट्रक येताना मला दिसतो, पण वळवणार कोण? तर शेजारची व्यक्ती, जिला डावीकडे म्हटलं की आधी स्वतःचे दोन्ही हात बघून कुठला डावा ते ठरवावं लागतं. अशा धंद्यात माणूस जरा मोठ्याने बोलतो. हळू आवाजात 'ट्रक' म्हणून बघा एकदा, म्हणजे कळेल.

तर झालं काय, एकदा साधा खोकला झाला म्हणून कोपऱ्यावरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सहज म्हणून दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, परत फुगवला, माझ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, आणि विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, गाडी शिकवतो. "हां," म्हणाले, "मग बरोबर. चिडत असाल फार." संपलं! तपास संपला! गुन्हेगार सापडला, त्याने कबुलीही दिली! एक गोळी सुरू झाली. ती पुरेना म्हणून दुसरी. मग तिसरी. आकडा आपला एकशे सत्तरच्या आसपास घर करून बसलेला. आणि दर वेळी डॉक्टर अगदी प्रेमाने, भला माणूस हो, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण दर वेळी चष्मा काढून म्हणायचे, "गोळ्या काय करतील बिचाऱ्या? स्वभावाला औषध नाही."

मग काय, घरादाराने माझा स्वभाव दत्तकच घेतला. घरी आम्ही चौघं: मी, बायको, मुलगी आणि सासूबाई. सासूबाई मी आत आलो की टीव्हीचा आवाज बंद करायच्या. कमी नाही, बंद! पडद्यावर बातम्या देणारा नुसतं तोंड हलवतोय आणि ह्या माझ्याकडे बघून कुजबुजतायत, "जावईबापू, चहा घेता ना? हळू घ्या." चहा हळू घ्या! आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी गाडीत आरशाला एक निळा सुवासिक पुठ्ठा टांगला, त्याने म्हणे मन थंड राहतं. मला त्याच्या शिंका. आता शिंकताना डोळे मिटतात, आणि मी ब्रेकवरचा माणूस! मुलीने तर मोबाईलमध्ये काहीतरी घालून दिलं, त्यातली एक बाई दर अर्ध्या तासाने आपणहून बोलायची, "खोल श्वास घ्या... आता हळूहळू सोडा..." चढावर गाडी उभी, सिग्नल लाल, मागे बस, आणि ती बाई म्हणाली "सोडा", शेजारी शिकणाऱ्या पोराने क्लच सोडला, गाडी बंद पडून बसपर्यंत मागे घसरली. बसच्या ड्रायव्हरने खाली उतरून मला काय काय ऐकवलं ते इथे सांगत नाही, पण शेवटी माझा चेहरा बघून तोसुद्धा म्हणाला, "काका, शांत व्हा, बीपी वाढेल." तो! बसचा ड्रायव्हर!

आणि मीठ. मिठाचं तर विचारू नका. डॉक्टर म्हणाले होते, "कमी करा." बायकोने बंद केलं. मी आठवडाभर ते पाणचट सूप आणि ते उकडलेले बटाटे गिळले आणि एके दिवशी ताट बाजूला सारून म्हणालो, हे जेवण नाही, ही शिक्षा आहे. म्हणालो म्हणजे... जरा जोरात म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर मिठाची बरणी परत आली. जुनीच, निळ्या झाकणाची. मला वाटलं, चला, जिंकलो एकदाचा! चव जरा बदललेली वाटायची, कडवट, जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी लागून राहिल्यासारखी. पण वय झालं, दात गेले दोन, जिभेचं काय घेऊन बसलात, म्हणून मी काही बोललो नाही. बोललो असतो तर काय ऐकावं लागलं असतं, तुम्हाला माहीतच आहे.

असं चाललं होतं. मग यंदा मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. आमच्याकडे शिकवणाऱ्याची दरवर्षी तब्येत तपासतात, आणि ते योग्यच आहे, उगाच वाईट का म्हणू? ब्रेकवरच्या माणसालाच भोवळ आली तर गाडीतल्यांनी कोणाकडे बघायचं? मालक म्हणाले, "हे बघा, गेल्या वर्षी मी सांभाळून घेतलं. यंदा आकडा खाली आला नाही तर तुम्हाला टेबलावर बसवावं लागेल. लोकांचे फोटो चिकटवायचे, शिक्के मारायचे. कामही शांत आहे." शांत! मला सांगा, मी अर्धं आयुष्य त्या सीटवर काढलं. ज्यांना किल्ली कुठे घालायची ते माहीत नव्हतं अशी माणसं माझ्या शेजारी बसून आता लांब-लांबची अंतरं कापतायत, आणि मी फोटोंना डिंक लावू? त्या दिवशी मी घरी आलो आणि काहीच बोललो नाही. खरंच धुमसत नव्हतो. घाबरलो होतो. पण चेहरा तोच दिसतो हो दोन्हीला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या गाडीत आल्या रिव्हर्सवाल्या बाई.

हे नाव आम्ही ठेवलेलं. पन्नाशीच्या बाई, केस आखूड, आवाज मधाळ, पुढे गाडी झकास चालवायच्या, पण रिव्हर्स टाकला की काय व्हायचं कोण जाणे! मागे बघायचं तर पुढे बघायच्या, पुढे बघायचं तेव्हा माझ्याकडे बघायच्या. तीनदा परीक्षेत नापास. बाकीच्या सगळ्या शिक्षकांनी हात टेकले म्हणून माझ्या वाट्याला. आणि बरं का, मी कितीही ओरडलो तरी ह्या ढिम्म. इतर लोक रडकुंडीला येतात, ह्या माझं निरीक्षण करायच्या. पाखरं बघणारे लोक असतात ना, तशा.

एक दिवस मी त्यांना मागे घ्यायला सांगितलं, मागे खांब होता, आणि ह्यांची नजर कुठे, तर समोर डॅशबोर्डवर ठेवलेल्या माझ्या गोळ्यांच्या डबीवर. "तीन प्रकारच्या आहेत ना?" म्हटलं, बाई, खांब. "तिन्ही रोज घेता? न चुकता?" घेतो हो, खांब! "आणि तरी चढलेलंच?" चढलेलंच, चढणार नाही तर काय, खांब बघा! "रात्री लघवीला उठावं लागतं का हो?" आता मला सांगा, ज्या माणसाच्या गाडीचा मागचा दिवा पुढच्या क्षणाला फुटणार आहे त्याला हा प्रश्न विचारतात? मी दुसरा ब्रेक दाबला. खांब वीतभर अंतरावर. मी घामाघूम. आणि बाई शांतपणे गाडी न्यूट्रलला टाकून म्हणतात, "तुमच्या रक्तातले हार्मोन कोणी तपासलेत का?"

हार्मोन? माझे? मला वाटत होतं हार्मोन म्हणजे मिसरूड फुटताना काय ते असतात आणि मग निघून जातात. तेव्हा कळलं की ह्या बाई डॉक्टर. हार्मोनच्याच डॉक्टर! म्हणजे जिला मी आठवडाभर "अहो, अक्कल गहाण ठेवली का?" वगैरे म्हणत होतो ती बाई आख्ख्या माणसाच्या ग्रंथी कोळून प्यायलेली! मला घाम फुटला तो वेगळा. पण बाईंच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. म्हणाल्या, "एक सांगू? तुम्ही चिडता म्हणून बीपी वाढतंय, असं मला वाटत नाही."

तुम्हाला सांगतो... मी हात पुढे करून गाडी बंद केली. सहा-सात वर्षांत एकाही माणसाने मला हे म्हटलं नव्हतं. माझ्या सख्ख्या बायकोने नाही. मी स्वतः स्वतःला म्हटलं नव्हतं! मी किल्ली फिरवून गाडी परत सुरू केली आणि म्हणालो, "फर्स्ट टाका. चला."

मग गेलो त्यांच्या दवाखान्यात. तिथे उलटा प्रकार. तिथे मी शिकाऊ. बाईंनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली, त्यांच्या डोक्यावर एकेक टोपी काढली. म्हणाल्या, "ह्या टोप्या म्हणजे ग्रंथी. यातून एक हार्मोन निघतं, आल्डोस्टेरॉन. ते मूत्रपिंडाला सांगतं, मीठ धरून ठेव, पोटॅशियम बाहेर टाक. ते फार झालं की अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं." म्हटलं, मग त्याला कोणी आवरत नाही का? "आवरतं ना. रेनिन नावाचं आणखी एक असतं. असं समजा, रेनिन म्हणजे तुम्ही, शेजारी बसून सांगणारे. आल्डोस्टेरॉन म्हणजे मी, ॲक्सिलेटरवर पाय. तुम्ही 'द्या' म्हणालात की मी देणार, तुम्ही गप्प बसलात की मी पाय उचलणार. रक्तात दोघं किती आहेत ते मोजायचं आणि एकमेकांशी ताडून बघायचं."

आता रक्त काढायचंही शास्त्र. आधी काही आठवडे गोळ्या बदलून दिल्या. मग सकाळी उठून दोन तास हिंडून-फिरून या, मग थोडा वेळ खुर्चीत बसा, मग सुई, आणि सुई टोचताना मूठ आवळायची नाही, त्याने पोटॅशियमचा आकडा बिघडतो. मूठ न आवळता मी आयुष्यात कुठलं काम केलंय? पण एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगतो. त्या खुर्चीत बसवताना बाई म्हणाल्या, "बसा." 'शांत बसा' नाही म्हणाल्या. नुसतं "बसा". आणि मी बसलो हो. माझी मलाच ओळख पटेना.

रिपोर्ट आला. बाईंचे डोळे चमकले. "बघा, आल्डोस्टेरॉन भरपूर, आणि रेनिन जवळजवळ नाहीच. शिकवणारा अवाक्षर बोलत नाही, आणि शिकाऊने ॲक्सिलेटर दाबून धरलाय." म्हटलं, बाई, माझ्या गाडीत शिकवणारा गप्प? सगळ्या गावाने मला बोलतो म्हणून नावं ठेवली, आणि आत बघावं तर माझंच रेनिन मुकं! पण बाई पुढे म्हणाल्या, "एकच बसत नाही. तुमचं पोटॅशियम. ते खाली यायला हवं होतं, ते अगदी शहाण्यासारखं जागेवर आहे. आपण खात्री करून घेऊ. तीन दिवस भरपूर मीठ खा."

काय म्हणाल्या? परत म्हणा, बाई. भरपूर काय?

भरपूर मीठ! तिसऱ्या दिवशीची चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये साठवायची. निरोगी ग्रंथी एवढं मीठ बघून हार्मोन बंद करते, माझी हट्टी असेल तर सोडतच राहील. रोज येऊन बीपी दाखवायचं, काही वाटलं तर लगेच फोन करायचा. आणि ऐका, हे घरच्या घरी कोणी करून बघू नका, माझ्यावर डॉक्टरांची नजर होती म्हणून. मी तरंगत घरी आलो. म्हटलं, डॉक्टरांनी मीठ खायला सांगितलंय. सासूबाई मुलीकडे बघतात, मुलगी आईकडे. त्यांना वाटलं, पोहोचलं. डोक्यापर्यंत पोहोचलं. बायकोने माझ्यासमोर बाईंना फोन लावला, खात्री केली, फोन ठेवला आणि टेबलाचा कोपरा धरून उभी राहिली. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, अगं, आनंदाची बातमी आहे, दे ती बरणी!

तीन दिवस! अंड्यावर मीठ, काकडीवर मीठ, सूपमध्ये मीठ, बटाटा तर नुसता लोळवला. निळं झाकण मी बंदच केलं नाही. कडवट लागत होतं, जीभ कोळपली, पण मी म्हटलं, सहा-सात वर्षं चिमटीने मोजून खाल्लंय, चव कसली बघता? तिसऱ्या दिवशी तो कॅन घेऊन मी कामावर. रजा कशी घेणार? डिकीत ठेवला. दुपारी बघतो तर मालक स्वतः कॅन हातात घेऊन बॉनेट उघडून उभे, "वा! शिकवणारा असावा तर असा. गाडीचं पाणी घरून आणलंत?" मी जो धावलो! आयुष्यात इतका जोरात ओरडलो नाही. मालक काय म्हणाले असतील? बरोब्बर. तेच म्हणाले.

चार दिवसांनी आम्ही दोघं बाईंसमोर. बायको म्हणाली, मी येते. बाईंनी रिपोर्ट उलटसुलट केला. "तुम्ही मीठ खाल्लं नाहीत." म्हटलं, बाई, मी बरणी संपवली! "अंगात मीठ गेलं असतं तर लघवीत सोडियम दिसलं असतं. नाहीये." मग मी चुलीत घातलं का ते मीठ? बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग जरा थांबून विचारलं, "कडवट लागत होतं?" लागत होतं. "मीठ कुठलं आहे तुमच्या घरात?"

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला. बायको. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. म्हणाली, "डॉक्टर, ते... ते नेहमीचं मीठ नाहीये. ते पोटॅशियमचं आहे. औषधाच्या दुकानात मिळतं, बीपीवाल्यांसाठी. ह्यांनी ताट सारलं त्या दिवसापासून मी बरणीत तेच भरते. स्वयंपाकातही तेच. आणि आता तुम्ही साधं मीठ खायला सांगितलं, तर... माझा हातच धजला नाही हो. वाटलं, ह्या बरणीतलं खाऊ देत, निदान जिवाला धोका नाही."

बाई ताडकन उठल्या. तिथल्या तिथे माझं रक्त काढलं, ईसीजीची पट्टी काढली. रक्ताचा आकडा येईपर्यंत बाईंनी ती पट्टी पाच वेळा तपासली, म्हणजे प्रकरण काय होतं ते समजा. कारण दुसऱ्या कोणाच्या पोटात तीन दिवस एवढं पोटॅशियम गेलं असतं तर काळीज बंद पडू शकलं असतं. आकडा आला. वरच्या रेषेला टेकलेला, पण आत. बाई खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या, मग बायकोला म्हणाल्या, "असं कधी कोणाला न विचारता द्यायचं नाही. आज सगळं थोडक्यात निभावलं. पण आता दुसरी बाजूही ऐका. ह्यांची ग्रंथी इतकी वर्षं पोटॅशियम बाहेर फेकतेय. ते खाली गेलं असतं तर ह्यांचे ठोके कधीच चुकले असते. एका बाजूने ग्रंथी उपसत होती, दुसऱ्या बाजूने तुम्ही भरत होता. त्याचमुळे आजार कोणाला दिसला नाही, आणि त्याचमुळे हे आज इथे बसलेत. दोन्ही खरं आहे."

बायको रडायला लागली. आवाज न करता. आमच्या घरात सगळं आवाज न करताच चालायचं ना.

घरी येताना गाडी मी चालवत होतो, ती शेजारी. दुसऱ्या ब्रेकच्या जागी. मी म्हटलं, "एवढी वर्षं लपवलंस?" ती म्हणाली, "तुम्ही चिडला असतात. बीपी वाढलं असतं." आणि मला हसू आलं हो. ऐन सिग्नलला हसू आवरेना. मी ते वाक्य इतकी वर्षं टोमणा म्हणून ऐकत होतो, आणि ही बाई रोज सकाळी उठून मी श्वास घेतोय का बघत होती आणि दुसरं काही सुचत नाही म्हणून तेवढंच म्हणत होती. चोरून मीठ आणत होती, चोरून बरणी भरत होती, वर माझी बोलणी खात होती. तुम्हाला सांगतो, माझ्या जन्मात माझ्यासाठी कोणी इतकं चुकीचं काम इतक्या प्रेमाने केलेलं नाही.

पुढचं भराभर सांगतो. खरं मीठ आणलं, पुन्हा तीन दिवस, पुन्हा कॅन, या वेळी झाकणावर लाल अक्षरात 'हात लावू नये'. ग्रंथी हट्टीच निघाली. मग पोटाचा फोटो काढला, त्यात डावीकडच्या टोपीत एक गाठ दिसली. मग बारीक नळी घालून दोन्ही बाजूंचं रक्त वेगवेगळं तपासलं, उगाच भलतीला फाशी नको म्हणून. डावीच. पोटाला तीन भोकं पाडून सर्जनने ती काढली. मी म्हटलं, दाखवा. दाखवली. वाटाण्याएवढी गाठ! अख्ख्या जगाने ज्याला माझा स्वभाव म्हटलं, तो बाटलीत बघितला तर वाटाणा निघाला. मी बाईंना विचारलं, म्हणजे माझा रागही हिच्यामुळेच ना? आता तोही जाईल? बाईंनी मान हलवली. "नाही. तो तुमचा स्वतःचा आहे."

पण आकडा उतरला! तीन गोळ्यांची एक झाली, तीही लहान. आमचे कोपऱ्यावरचे डॉक्टर, किती मोठ्या मनाचा माणूस, मला मिठी मारून म्हणाले, "आता प्रत्येक बीपीवाल्याला हार्मोनचं विचारतो बघा." वार्षिक तपासणीत मी पास. मालकांनी तो निळा पुठ्ठा स्वतःच्या हाताने काढून टाकला. आणि मी परत माझ्या सीटवर, पायाखाली ब्रेक. पहिल्या दिवशी शेजारी कोण? रिव्हर्सवाल्या बाई. म्हणाल्या, "आता ओरडा मनसोक्त. मी डॉक्टर हे कळून तुम्ही जपून बोलायला लागलात तेव्हापासून माझा रिव्हर्स आणखी बिघडलाय." मी असा ओरडलो, असा ओरडलो की खांबावरचे कावळे उडाले. चौथ्या परीक्षेत बाई पास. लायसन्स घेऊन दाखवायला आल्या. त्यांनी माझा जीव वाचवला आणि मी त्यांना मागे जायला शिकवलं, ही काय फिटंफाट आहे का?

तर त्या रात्री घरी जेवायला बसलो. सूपमध्ये खरं मीठ, अगदी बेताचं. यंत्र लावून बघितलं, एकशे चोवीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं. म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी एवढी वर्षं जीव मुठीत धरून काढली, आता मोकळे व्हा.

म्हणायला नको होतं हो.

मुलगी म्हणाली, "बाबा, मग एक सांगू? आपल्या गाडीला तो लांब ओरखडा आहे ना, तो शेजारच्या काकांनी नाही पाडला. मी पाडला." अरे! त्या माणसाशी मी दोन वर्षं बोलत नाही! त्याच्या कुंड्या ओलांडून जातो! मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, आणि बरं का, टीव्हीचा आवाज बंद न करता म्हणाल्या, "जावईबापू, मी महिन्याभरासाठी आले होते ना तुमच्याकडे... माझं घर मी तेव्हाच विकलं." मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "तुमचा तो जुना रेडिओ तुम्ही माळ्यावर शोधताय ना, शोधू नका." फोन वाजला. मालक! म्हणाले, "आता तब्येत ठणठणीत ना? मग उद्यापासून माझ्या मेहुण्याला तुम्ही शिकवा. कोणी घेत नव्हतं त्याला. तुम्हाला आजवर बोललो नाही, म्हटलं, कशाला..."

सहा-सात वर्षांचं साठलेलं, एका जेवणात! माझे कान तापले, मी वाट बघतोय, आता कोणीतरी म्हणेल, आता बायको तरी म्हणेल. कोणी म्हणेना. शेवटी मीच म्हणालो, "अहो, जरा हळू घ्या, माझं बीपी वाढेल."

तिघी एका सुरात म्हणाल्या, "नाही वाढत!"

मी गुपचूप आत जाऊन यंत्र लावलं. एकशे चोवीस. आता तक्रार करायला तेवढीही जागा राहिली नाही हो... गेलो मग शेजाऱ्याकडे, माफी मागायला.